समुद्राने घडविलेले, समुद्रावाचून जगलेले एंकहाउझन

गेल्या चारशे वर्षांत जगातील बहुतेक शहरे वाढत गेली. कोटांच्या भिंती पडल्या, वेशीबाहेर उपनगरे उभी राहिली आणि शेतांवर घरे चढली. नेदरलँड्समधील एंकहाउझन हे छोटेसे गाव मात्र या नियमाला अपवाद आहे. १६२२ सालच्या शिरगणतीत येथे सुमारे २१ हजार माणसे राहत असल्याची नोंद आहे. आज हा आकडा १९ हजारांच्या आसपास आहे. चार शतकांपूर्वी जितकी माणसे या गावात नांदत होती, तितकीही आज तेथे नाहीत.

अ‍ॅमस्टरडॅमहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी सुमारे तासाभरात ज्या शेवटच्या स्थानकावर थांबते, ते हे गाव. रूळ संपतात आणि समोर पाणी सुरू होते. एके काळी हे पाणी खारे होते, त्याला भरती-ओहोटी होती आणि त्यावरून निघालेली जहाजे थेट जावा-सुमात्रापर्यंत जात. आज ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. समुद्राच्या जिवावर मोठे झालेले हे गाव समुद्र दुरावल्यावर कसे जगले, हा त्याच्या इतिहासातील खरा कुतूहलाचा भाग आहे. महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकाला त्यात आणखी एका कारणाने रस वाटावा. सोळाव्या शतकातील गोव्याची बाजारपेठ, तेथील माणसे आणि फळफळावळ ज्या ग्रंथातून युरोपच्या घराघरांत पोहोचली, तो ग्रंथ लिहिणारा माणूस याच गावचा होता.

तीन माशांचे बोधचिन्ह

नेदरलँड्सच्या उत्तर हॉलंड प्रांतात वेस्ट फ्रिसलंड नावाचा भूभाग आहे. समुद्रसपाटीहून खाली असलेली ही जमीन तेराव्या शतकात सुमारे १२६ किलोमीटर लांबीच्या वर्तुळाकार बांधाने सुरक्षित करण्यात आली. या बांधाच्या पूर्व टोकाशी, झायडर झी नावाच्या उथळ आखाताच्या काठी एंकहाउझन वसले. चौदाव्या शतकाच्या मध्यास त्याला नगराचे हक्क मिळाले. त्या काळी हे हक्क मिळणे म्हणजे स्वतःचा बाजार, स्वतःचे न्यायदान आणि स्वतःची तटबंदी उभारण्याची मुभा मिळणे.

नगराच्या बोधचिन्हावर तीन हेरिंग मासे आहेत आणि त्यांतच गावाच्या पहिल्या समृद्धीचे रहस्य सामावलेले आहे. हेरिंग हा आपल्या कोकणातील तारलीच्या जवळच्या नात्यातला मासा. तो थव्यांनी येतो, मुबलक सापडतो आणि तितक्याच लवकर नासतो. डच कोळ्यांनी त्यावर तोडगा शोधला. मासा जाळ्यात येताच बोटीवरच त्याचे कल्ले व आतडी काढायची, त्याला मीठ लावायचे आणि लाकडी पिंपांत भरून ठेवायचे. असा मासा कित्येक महिने टिके. त्यामुळे बोटींना आठवडेच्या आठवडे उत्तर समुद्रात राहता येई आणि माल दूरदेशी विकता येई. एंकहाउझनचा हेरिंग-ताफा देशातील सर्वांत मोठ्या ताफ्यांपैकी एक ठरला. या एका माशामागे मीठ आणणारे, पिंपे बांधणारे, जाळी विणणारे, दोर वळणारे आणि जहाजे बांधणारे असे अनेक व्यवसाय उभे राहिले.

मासेमारीने आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे समुद्राचे ज्ञान. कोठे वाळूचे दांडे आहेत, कोठे पाणी किती खोल आहे, कोणत्या मनोऱ्याच्या रोखाने जहाज हाकावे, हे येथील तांडेलांना तोंडपाठ असे. लुकास यान्सझोन वाखेनार या एंकहाउझनच्या नौमार्गदर्शकाने हे तोंडी ज्ञान कागदावर उतरविले. १५८४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला त्याचा सागरी नकाशासंग्रह हा मुद्रित स्वरूपातील अशा संग्रहांचा आद्य नमुना मानला जातो. १५८८ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि तो इतका रूढ झाला, की इंग्रज खलाशी पुढे कोणत्याही सागरी नकाशासंग्रहाला वाखेनारच्याच नावावरून ‘वॅगनर’ म्हणू लागले.

याच काळात नेदरलँड्सचा स्पेनच्या राजसत्तेविरुद्धचा दीर्घ लढा सुरू होता. २१ मे १५७२ रोजी एंकहाउझनने स्पेनची बाजू सोडून विल्यम ऑफ ऑरेंजचा पक्ष धरला. हॉलंडमधील अगदी सुरुवातीच्या बंडखोर नगरांत त्याची गणना होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १५७३ मध्ये, एंकहाउझन, हॉर्न आदी नगरांच्या आरमाराने झायडर झीमध्ये स्पॅनिश पक्षाच्या ताफ्याचा पराभव केला. आखाताचे तोंड बंडखोरांच्या हाती राहिले आणि व्यापाराची वाट मोकळी झाली.

गोव्याहून आणलेली शिदोरी

यान हाउखेन फान लिन्सखोटेन (आपल्याकडील इतिहासलेखनात ‘लिन्शोटेन’) याचा जन्म १५६३ च्या सुमारास हार्लेम येथे झाला; पण तो वाढला एंकहाउझनमध्ये. तरुणपणीच तो स्पेनला आणि तेथून लिस्बनला गेला. १५८३ मध्ये गोव्याचे नवे आर्चबिशप व्हिसेन्ते द फोन्सेका यांच्या पदरी लेखनिक म्हणून तो गोव्यात आला आणि सुमारे पाच वर्षे तेथे राहिला.

त्या वेळचे गोवा म्हणजे पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी. लिन्सखोटेन येथे कान आणि डोळे उघडे ठेवून वावरला. रस्त्यावर भरणारा बाजार, गुलामांची खरेदी-विक्री, पालख्यांतून मिरवणारे पोर्तुगीज, ब्राह्मण, गुजराती वाणी, स्थानिक शेतकरी, आंबा, फणस, नारळ आणि विड्याचे पान अशा नाना गोष्टींची टिपणे त्याने केली. त्याबरोबरच पोर्तुगीज सत्ता आतून कशी पोखरली आहे, अधिकारी अल्प मुदतीच्या नेमणुकीत स्वतःची तुंबडी कशी भरून घेतात, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पूर्वेकडील सागरी मार्गांविषयी पोर्तुगीज सुकाणूधारकांच्या वापरात असलेली आणि परक्यांपासून जपली जाणारी माहिती त्याने मिळविली.

आर्चबिशपांच्या निधनानंतर तो मायदेशी निघाला. वाटेत अझोर्स बेटांत त्याला सुमारे दोन वर्षे अडकून पडावे लागले. अखेर १५९२ मध्ये तो एंकहाउझनला परतला. तेथे त्याला बेर्नार्डुस पालुडानुस हा विद्वान नगरवैद्य भेटला. पालुडानुसने देशोदेशींच्या वनस्पती, शंख-शिंपले, खनिजे आणि चमत्कारिक वस्तूंचा मोठा संग्रह जमविला होता आणि तो पाहण्यासाठी परदेशांतील उमरावही या गावी येत. लिन्सखोटेनच्या ग्रंथातील वनस्पती व औषधींविषयीच्या अनेक टिपा पालुडानुसच्या आहेत. गोव्याशी गावाचा संबंध जोडणारा तोच एक नव्हता. याच गावचा डिर्क खेरित्स पॉम्प हा खलाशीही अनेक वर्षे गोव्यात राहून पोर्तुगीज जहाजावरून चीन व जपानपर्यंत जाऊन आला होता. गावात त्याला ‘डिर्क चायना’ म्हणत.

लिन्सखोटेनचा सागरी मार्गांविषयीचा भाग १५९५ मध्ये आणि संपूर्ण ‘इटिनेरारियो’ १५९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लास या प्रकाशकाने छापला. १५९८ मध्ये त्याचे इंग्रजी व जर्मन अनुवाद निघाले. जावा बेटावर पोर्तुगिजांचा वावर नाही, तेव्हा सुंदा सामुद्रधुनीच्या मार्गाने तेथे जावे, असा त्यातील सल्ला होता. १५९५ मध्ये निघालेल्या पहिल्या डच ताफ्याच्या हाती ही माहिती होती. चार जहाजे आणि सुमारे २४० माणसे निघाली. १५९७ मध्ये तीन जहाजे आणि ८७ माणसे परतली. जीवितहानी भयंकर होती. पण वाट सापडली होती. लिस्बनच्या बंदरात जाऊन मसाले विकत घेण्याची गरज संपली होती.

कंपनीतला वाटा आणि त्याची दुसरी बाजू

२० मार्च १६०२ रोजी डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना झाली. ती सहा नगरांच्या शाखांची मिळून बनली होती : अ‍ॅमस्टरडॅम, मिडलबर्ग, हॉर्न, एंकहाउझन, डेल्फ्ट आणि रॉटरडॅम. सुमारे ६४ लाख २४ हजार गिल्डर एवढ्या आरंभीच्या भांडवलापैकी एंकहाउझनच्या शाखेने ५ लाख ४० हजार गिल्डर उभे केले. अ‍ॅमस्टरडॅम आणि मिडलबर्ग यांच्यानंतरचा हा तिसरा क्रमांक होता. रॉटरडॅमचा वाटा तर याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होता. आज जगातील मोठ्या बंदरांत गणले जाणारे रॉटरडॅम त्या वेळी एंकहाउझनच्या मागे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या गावाच्या तेव्हाच्या तोलामोलाची कल्पना येते.

या पैशाने गाव नटले. कोट पुढे सरकविण्यात आला, नवे कालवे आणि धक्के खोदले गेले. ‘पेपरहाउस’ म्हणजे मिरीघर या नावाने ओळखली जाणारी १६२५ मधील वखार आजही काठावर उभी आहे. बंदराच्या तोंडाशी १५४० मध्ये बांधलेला ‘ड्रोमेडारिस’ हा गोल बुरूज होताच. पुढे हेमोनी बंधू या ख्यातनाम घंटाकारांनी ओतलेल्या सुरेल घंटा त्यावर बसविण्यात आल्या. प्राणिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला पाउलुस पोटर हा चित्रकार १६२५ मध्ये याच गावी जन्मला.

मात्र या वैभवाची किंमत दुसरीकडे मोजली जात होती. जायफळाच्या मक्तेदारीसाठी कंपनीने १६२१ मध्ये बांदा बेटांवर जो संहार केला, त्याचे नेतृत्व करणारा यान पीटरसझोन कून हा शेजारच्याच हॉर्न गावचा. गुलामांच्या व्यापारातही कंपनी सहभागी होती. नेदरलँड्समध्ये हा विषय अलीकडच्या काळात उघडपणे चर्चिला जाऊ लागला असून, १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांनी गुलामगिरीतील देशाच्या सहभागाबद्दल जाहीर क्षमा मागितली. वखारींच्या देखण्या कमानी पाहताना हे विसरून चालत नाही.

कोकणातही या व्यापाराची खूण आहे. विजापूरच्या आदिलशाहीशी झालेल्या करारानुसार डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवण्यासाठी आणि गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या आरमाराला रसद पुरविण्यासाठी ती उपयोगी पडे. लिन्सखोटेनने गोव्याहून नेलेल्या माहितीतून ज्या सत्तेचा उदय झाला, ती चाळीस-पन्नास वर्षांत गोव्याच्या दारात येऊन बसली होती.

ओहोटीची दोन शतके

एंकहाउझनचे ऐश्वर्य फार टिकले नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच ओहोटी लागली. त्याची कारणे अनेक होती. बंदरे गाळाने भरू लागली. जहाजांचा आकार वाढत गेला आणि उथळ झायडर झी त्यांना पुरेनासा झाला. अ‍ॅमस्टरडॅमने भांडवल, बाजार आणि माणसे आपल्याकडे ओढून घेतली. इंग्लंडशी झालेल्या युद्धांत हेरिंगच्या बोटी वारंवार शत्रूच्या हाती लागल्या. १६८६ ते १६८८ या काळात, वास्तुविशारद स्टीव्हन फेनेकोल याच्या आराखड्यानुसार गावाने भव्य नगरगृह बांधले खरे. पण ते बांधले जात असतानाच गावाचा भर ओसरू लागला होता. १७९९ च्या अखेरीस डच ईस्ट इंडिया कंपनीच संपुष्टात आली. पाठोपाठ नेपोलियनच्या काळातील व्यापारबंदीने उरलासुरला व्यवहार मोडून पडला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोकसंख्या पाच-सहा हजारांवर आली होती. माणसे गेली, घरे ओस पडली. पुष्कळ घरे पाडून त्यांच्या विटा विकण्यात आल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर गवत वाढले. कोटाच्या आत शेतकरी गुरे चारू लागले. ‘बुरेनहुक’ म्हणजे शेतकऱ्यांचा कोपरा हा भाग आजही तटाच्या आत आहे.

या दैन्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. पैसा असलेल्या शहरांत जुनी घरे पाडून नवी बांधली जातात. एंकहाउझनकडे तेवढा पैसाच नव्हता. त्यामुळे जी घरे पाडली गेली नाहीत, ती तशीच राहिली. पुढे किंचित झुकलेल्या विटांच्या दर्शनी भिंती, पायऱ्यापायऱ्यांचे माथे, उचलले जाणारे लाकडी पूल, तटबंदी आणि पश्चिमेकडील ‘कूपोर्ट’ म्हणजे गाईंची वेस हे सारे त्या गरिबीने जपून ठेवले. जी श्रीमंती उरली होती, तिचा काही भाग लोकांच्याही कामी आला. स्नाउक फान लोसेन या धनिक घराण्याच्या वारशातून १८९७ मध्ये कामगारांसाठी बागेने वेढलेली सुबक वसाहत बांधण्यात आली. आजही ती गावाचे भूषण मानली जाते.

समुद्राला कुलूप

१८८५ मध्ये आगगाडी आली आणि पुढच्या वर्षी आखातापलीकडच्या स्टाव्होरेनशी जोडणारी बोटसेवा सुरू झाली. हेरिंग, अँचोव्ही यांची मासेमारी आणि रेल्वे यांच्या जोरावर गाव पुन्हा श्वास घेऊ लागले. तेवढ्यात दुसरा आघात झाला. तो मात्र देशाने जाणूनबुजून केलेला होता.

जानेवारी १९१६ मध्ये झायडर झीच्या काठावर मोठा पूर आला. कॉर्नेलिस लेली या अभियंत्याने आखाताचे तोंड बांधाने बंद करण्याची योजना आधीच मांडली होती. १९१८ मध्ये तसा कायदा झाला आणि २८ मे १९३२ रोजी सुमारे ३२ किलोमीटर लांबीच्या बांधातील शेवटची फट बुजविण्यात आली. झायडर झी हे नाव नकाशावरून गेले आणि त्याजागी आयसेलमेर हे सरोवर आले. पुराचे भय टळले, देशाला हजारो हेक्टर नवी शेतजमीन मिळाली. पण पाणी गोडे होत गेले तशी खाऱ्या पाण्यातील हेरिंग आणि अँचोव्ही दिसेनाशी झाली. ज्यांच्या बोधचिन्हावर हेरिंग, त्यांच्या दारातून हेरिंग कायमचा गेला.

राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी काठावरच्या कोळ्यांनी आपली उपजीविका गमावली. त्यांना सरकारी साह्य मिळाले, काहींनी धंदे बदलले, काही सरोवरातील गोड्या पाण्याच्या मासेमारीकडे वळले. मोठ्या प्रकल्पांचा लाभ कोणाला होतो आणि त्यांचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न धरणे आणि बंदरे यांच्या संदर्भात आपल्याला चांगलाच परिचित आहे. डचांसारख्या नियोजनदक्ष समाजालाही तो चुकला नाही.

१९७६ मध्ये एंकहाउझन आणि लेलिस्टाड यांना जोडणारा आणखी एक बांध पूर्ण झाला. त्याच्या दक्षिणेकडील पाणी उपसून ‘मार्करवार्ड’ नावाची नवी जमीन निर्माण करण्याचा बेत होता. तसे झाले असते, तर गावाच्या दक्षिणेचा बराचसा जलविस्तार शेतात गेला असता. मात्र बदललेली गरज आणि वाढता विरोध यांमुळे तो बेत अखेर बारगळला.

मासे गेले, बियाणे रुजले

मग गाव जगले कशावर? याचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल : भाजीपाल्याच्या बियाण्यांवर. वेस्ट फ्रिसलंडची चिकणमाती सुपीक आहे आणि सागरी हवेमुळे येथे कडाक्याची थंडी किंवा उष्मा क्वचितच असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या परिसरात बियाण्यांचा व्यापार वाढू लागला. १८६७ मध्ये सुरू झालेली ‘स्लाउस अँड ग्रूट’ ही पेढी त्यातील अग्रणी होती. १९३८ मध्ये एंकहाउझनमधील एका बियाण्यांच्या दुकानातून ‘एन्झा झाडेन’ ही कंपनी उदयास आली. आज ती भाजीपाल्याच्या बियाण्यांतील जागतिक कंपन्यांपैकी एक आहे आणि तिचे मुख्यालय याच गावात आहे. ‘स्लाउस अँड ग्रूट’चा वारसा पुढे कंपन्यांच्या विलीनीकरणांतून सिंजेंटाकडे गेला. त्या कंपनीचे भाजीपाला-बियाण्यांचे मोठे केंद्र येथे आहे आणि तिचे भारतीय मुख्यालय पुण्यात आहे. या संपूर्ण पट्ट्याला आता ‘सीड व्हॅली’ या नावाने ओळखले जाते.

या व्यवसायात आणि जुन्या नौकानयनात एक साम्य आहे. दोन्हींमध्ये मालापेक्षा ज्ञानाला अधिक मोल आहे. वाखेनारने वाळूचे दांडे मोजले, पालुडानुसने वनस्पती जमवल्या, लिन्सखोटेनने टिपणे काढली. बियाण्यांच्या प्रयोगशाळेतील संशोधकही तशीच चिकाटीची निरीक्षणे आणि नोंदी करतात.

आठवणींचे गाव

झायडर झी गेल्यावर त्याच्या काठची संस्कृतीही जाईल, ही जाणीव वेळीच झाली. त्यातून १९४८ मध्ये झायडर झी संग्रहालयाची स्थापना झाली. मिरीघर आता या संग्रहालयाचा भाग आहे. १९८३ मध्ये राणी बेआट्रिक्स यांच्या हस्ते खुल्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आखाताच्या काठावरील निरनिराळ्या गावांतून कोळ्यांची घरे, दुकाने, कार्यशाळा, चुन्याच्या भट्ट्या, एवढेच काय पण एक चर्चही येथे आणून पुन्हा उभारण्यात आले आहे. शंभराहून अधिक इमारतींचे हे गाव पाहायला पर्यटक बोटीने येतात.

एंकहाउझनचे जीवन मात्र केवळ संग्रहालयापुरते उरलेले नाही. बंदरात जुन्या धाटणीची, तपकिरी शिडांची जहाजे नांगरलेली असतात आणि मोठी शिडाची जहाजे हाकण्याचे शिक्षण देणारी शाळा येथे चालते. २००३ मध्ये बांधलेल्या जलसेतूवरून बोटी जातात आणि त्यांच्या खालून मोटारी धावतात. गावाच्या नावाचे पंचांग सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून निघत आले आहे. चंद्रकला, भरती-ओहोटी, हवामानाचे ठोकताळे आणि घरगुती उपयोगाचा मजकूर असे त्याचे स्वरूप पाहिले, की भिंतीवरच्या दिनदर्शिकेशिवाय ज्याचे पान हलत नाही अशा मराठी घराला ते परके वाटणार नाही.

एकाच कंपनीच्या दोन वखारींपैकी एंकहाउझनची आज लोकांना आपला इतिहास सांगते आहे, तर वेंगुर्ल्याची पडझडीच्या अवस्थेत उभी आहे. दोन्ही बंदरांचा व्यापार केव्हाच गेला. एकाने आपल्या गेलेल्या समुद्राच्या खुणा दारोदार हिंडून गोळा केल्या. दुसऱ्याच्या दारात समुद्र अजून आहे, खुणा मात्र ढासळत आहेत. त्या सावरण्यासाठी एंकहाउझनएवढी श्रीमंती लागत नाही. हे गावही त्या काळी श्रीमंत नव्हतेच.